आचाऱ्याचा आचार्य झाला: एडिटरमधला एक बग, माझा अर्धवट पॅच आणि थोडी मदत हवी आहे

खडूफळा

आमच्या सोसायटीच्या गणपतीचा हिशेब मी गेली काही वर्षं साध्या टेक्स्ट फाइलीत ठेवतो. यंदा त्याची छापील प्रत नोटीस बोर्डावर लावली आणि दुसऱ्याच दिवशी तळमजल्यावरचे काका दारात उभे. "अहो, आपल्याकडे आचार्य कोण आले होते? आणि त्यांना साडेअकरा हजार?"

कागदावर खरंच छापलं होतं, 'आचार्यांना मानधन ११,५००'. मी लिहिलं होतं 'आचाऱ्यांना'. म्हणजे महाप्रसाद रांधणाऱ्या आचाऱ्यांना. काकांना समजावलं, ते हसले, पण चेहऱ्यावर 'शुद्धलेखन कच्चं दिसतंय' असं स्पष्ट होतं. ते मला लागलं, म्हणून शोधाशोध केली.

दोष माझा नव्हता, एडिटरचा, म्हणजे ज्या प्रोग्रॅममध्ये मी फाइल लिहितो त्याचा होता. (मुक्तस्रोत एडिटर आहे, नाव मुद्दाम देत नाही. एकटा माणूस नोकरी सांभाळून तो चालवतो. आपण सगळे एकदम त्याच्या अंगावर धावून गेलो तर बिचारा प्रकल्पच बंद करेल.) नव्या आवृत्तीत 'जतन करताना अदृश्य चिन्हे साफ करा' अशी सोय आली आणि ती आपोआप चालू होती. त्यात झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे झेडडब्ल्यूजे, हे अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह कचरा म्हणून काढलं जात होतं.

आता मराठीतली गंमत. 'ऱ्या' मधला तो आडवा र, ज्याला इंग्रजीत पापणीचा र म्हणतात, दोन प्रकारे साठवता येतो. एक, ऱ (कोडपॉइंट, म्हणजे युनिकोड या मानकात चिन्हाला दिलेला क्रमांक, ०९३१) + हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) + य. दोन, साधा र + हलन्त + झेडडब्ल्यूजे + य. दिसायला दोन्ही सारखेच. माझा जुना फोनेटिक कीबोर्ड दुसऱ्या प्रकारे लिहितो. त्यातला झेडडब्ल्यूजे काढला की उरतं र + हलन्त + य, आणि त्याचा होतो रफार. दऱ्यांचा दर्या, आचाऱ्याचा आचार्य. फाइल बिघडल्याचा काही संदेश नाही, चौकोन नाहीत, प्रश्नचिन्हं नाहीत. शब्द शुद्धच, फक्त दुसरा.

कोड उघडलाच होता, तेव्हा आणखी दोन गोष्टी दिसल्या:

'स्त्री' या शब्दावरून बाणाने पुढे जाताना कर्सर सहा वेळा थांबतो. मधल्या थांब्यांना तो नक्की कुठे आहे ते डोळ्यांना कळतच नाही.

'मराठी' वर डबल क्लिक केलं की 'मर' एवढंच निवडलं जातं. (मराठी लोकांनी यावर विनोद करू नयेत, मी सगळे करून झालो आहे.)

साफसफाईचा पॅच (कोडमधली दुरुस्ती) लिहिला आहे, कर्सर आणि डबल क्लिकचा अर्धा झाला आहे. मदत दोन बाबतीत हवी. तपासणीसाठी अवघड शब्द सुचवा. आणि बॅकस्पेसने अख्खं जोडाक्षर जावं की एकच चिन्ह, यावर मत द्या. मेंटेनरने (एडिटर चालवणाऱ्या त्या माणसाने) हा प्रश्न मला विचारलाय आणि माझं उत्तर दिवसाला दोनदा बदलतंय.

---

जुनाजाणता

विम वापरा. विषय संपला.

---

खडूफळा

विम हा जुना एडिटर वापरूनच शोध लावला, काका. अक्षरावर कर्सर ठेवून जी आणि ए दाबलं की त्यात कोणकोणते कोडपॉइंट आहेत ते विम सांगतं. आचार्य तिथेच पकडला गेला. पण हिशेब पुढच्या वर्षी सोसायटीच्या दुसऱ्या कोणाकडे तरी जाणार. त्यांना आधी विममधून बाहेर पडायला शिकवायचं का?

---

जुनाजाणता

हा हा. बरं, मग कामाचं सांगतो. तुमच्या बॅकस्पेसच्या प्रश्नावर विममध्ये 'डेलकम्बाइन' नावाचा पर्याय फार पूर्वीपासून आहे. मूळ स्थितीत तो बंद असतो, तेव्हा अक्षर त्याच्या जोडचिन्हांसकट जातं. चालू केला की एकेक चिन्ह सुटं निघतं. म्हणजे विम लिहिणाऱ्या ब्राम मोलेनारनेही हा प्रश्न एका उत्तरात मिटवला नाही, वापरणाऱ्याच्या गळ्यात टाकला. माणूस २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेला. १९९१ पासून एकच एडिटर सांभाळत बसणं म्हणजे काय, हे तुमच्या त्या एकट्या मेंटेनरला विचारा.

---

पेनस्टँड

मी डीटीपीचं काम करते, बावीस वर्षं झाली. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टंकते. तुमच्या चर्चेतलं कोडपॉइंट वगैरे मला समजत नाही, पण बॅकस्पेसचं मला विचारा.

'स्त्री' टंकायला माझी बोटं सहा कळा दाबतात. स, पाय मोडायची कळ, त, पाय मोडायची कळ, र, वेलांटी. आता समजा दीर्घच्या जागी ऱ्हस्व वेलांटी पडली. मी बॅकस्पेस एकदा मारते, वेलांटी जाते, बरोबर वेलांटी देते. अर्धा सेकंद. तुम्ही अख्खं अक्षर उडवलंत तर सहाच्या सहा कळा पुन्हा. दिवसाला चाळीस पानं करणाऱ्या बाईला हे विचारायची पण गरज नाही.

बॅकस्पेस म्हणजे 'शेवटची कळ मागे घे'. बस.

---

अनुस्वार

पेनस्टँड यांच्याशी सहमत, पण बाण आणि बॅकस्पेस हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे आधी मान्य करू या. त्यांना एकच नियम लावायला गेलं की गोंधळ होतो.

युनिकोडमध्ये 'ग्राफीम क्लस्टर' अशी कल्पना आहे, म्हणजे माणूस ज्याला एक अक्षर समजतो तो चिन्हांचा गुच्छ. गुच्छ कुठे तोडायचा याचे नियम जोडपत्र २९ मध्ये आहेत. गंमत अशी, की हे नियम बरीच वर्षं आपल्या जोडाक्षरांना न्याय देत नव्हते. हलन्त आधीच्या व्यंजनाला चिकटायचा आणि पुढचं व्यंजन नवा गुच्छ धरलं जायचं. 'स्त्री' चे तुकडे व्हायचे तीन: स्, त्, री. पहिलीतल्या पोराला विचारा, तो एक म्हणेल. २०२३ च्या सप्टेंबरात युनिकोड १५.१ आलं, त्यात जीबी९सी हा नियम घातला आणि देवनागरी, बंगाली, गुजराती अशा काही लिप्यांची जोडाक्षरं अखंड झाली. आता 'स्त्री' म्हणजे एक गुच्छ, सहा कोडपॉइंट, यूटीएफ-८ मध्ये (फाइल साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) अठरा बाइट.

म्हणून खडूफळा, आधी बघा तुमचा एडिटर गुच्छ मोजायला कोणती लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरतो आणि तिच्यात कोणत्या आवृत्तीचे तक्ते आहेत. निम्मं काम लायब्ररी बदलूनच होईल.

---

खडूफळा

तिथेच घोडं अडलं होतं! एडिटर गुच्छ मोजतच नव्हता. प्रत्येक बाण म्हणजे एक कोडपॉइंट. मी लायब्ररी जोडली, ती जुनी निघाली, म्हणून 'स्त्री' वर तीन थांबे यायला लागले आणि मी दोन रात्री स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसलो. तुमचा प्रतिसाद आला, लायब्ररी बदलली, एक थांबा. दोन रात्री कोण परत देणार ते सांगा.

---

बोरूबहाद्दर

तपासणीसाठी शब्द देतो. कार्त्स्न्य. संस्कृतातला आहे, अर्थ 'संपूर्णता'. पाच व्यंजनं एकावर एक. तुमच्या एडिटरने याला दोनच अक्षरं म्हटलं तर मानलं.

अवांतर: एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा हिशेब इंग्रजीत ठेवला असता तर?

---

खडूफळा

कार्त्स्न्य: अकरा कोडपॉइंट, तेहेतीस बाइट, बाणाचे थांबे दोन. पास!

अवांतराला अवांतर: इंग्रजीत 'कुक' लिहिलं असतं तर तळमजल्यावरच्या काकांशी ओळख झाली नसती.

---

मी_रुक्मिणी

कुऱ्हाड, तऱ्हा, ऱ्हास, गोऱ्ह्या, सुऱ्या, वाङ्मय, उद्‌घाटन, षट्‌कोन, ॲडव्होकेट, ऑक्टोबर.

मधले 'उद्‌घाटन' आणि 'षट्‌कोन' नीट बघा. त्यात दुसरं अदृश्य चिन्ह आहे, झेडडब्ल्यूएनजे, न जोडणारं. ते काढलं तर द आणि घ एकमेकांत शिरतात. अर्थ बदलत नाही, पण ज्यांना पाय मोडलेला द हवा असतो (माझे सासरे, माजी मुख्याध्यापक) त्यांचं डोकं फिरतं. तुमच्या पॅचने फक्त झेडडब्ल्यूजे वाचवला असेल तर काम अर्धंच झालंय.

आणि मेंटेनरने ही साफसफाई आणली तरी का? मुळात कोणाला हवी होती?

---

उंबरठा

साफसफाईची बाजू मांडतो, कारण मी सुरक्षेच्या कामात आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात केंब्रिजच्या दोन संशोधकांनी 'ट्रोजन सोर्स' नावाने दाखवून दिलं की लिपीची दिशा बदलणारी अदृश्य चिन्हं घातली तर कोड वाचणाऱ्याला एक दिसतो आणि कंपायलरला (कोड यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रॅमला) दुसराच मिळतो. त्यानंतर एडिटर जागे झाले. व्हीएस कोडने अशी चिन्हं रंगवून दाखवायला सुरुवात केली. तुमच्या मेंटेनरने रंगवण्याऐवजी थेट झाडू फिरवला. हेतू चांगला होता, पण 'संशयास्पद' आणि 'अदृश्य' यांत फरक केला नाही.

तो फरक करायचा नियम आधीच उपलब्ध आहे. संकेतस्थळांची नावं देवनागरीत घ्यायची सोय करताना हाच पेच आला होता. तिथे आरएफसी ५८९२ (इंटरनेटचं मानक, २०१०) म्हणतो की झेडडब्ल्यूजे चालेल, पण त्याच्या लगेच आधी हलन्त असेल तरच. झेडडब्ल्यूएनजेलाही हलन्तानंतर परवानगी आहे, शिवाय अरबी वळणाच्या लिप्यांसाठी वेगळी अट आहे. हा नियम उचला. मेंटेनरला 'मराठीसाठी करा' म्हणू नका, 'हे मानक पाळा' म्हणा. पहिल्यावर तो दया दाखवेल, दुसऱ्यावर काम करेल.

---

मी_रुक्मिणी

उंबरठा, फारसी विसरू नका. तिथे क्रियापदाच्या आधीचा 'मी' हा उपसर्ग दिसायला सुटा पण शब्द म्हणून जोडलेला ठेवायला झेडडब्ल्यूएनजे लागतो, आणि हलन्त तर तिथे नसतोच. ती 'वेगळी अट' गाळली तर तिकडे तेहरानमध्ये कोणीतरी असाच धागा काढेल.

आणि इमोजी! आई-बाबा-मुलगी असं कुटुंबाचं जे चित्र असतं ते वेगवेगळी चित्रं झेडडब्ल्यूजेने जोडून केलेलं असतं. या एडिटरमध्ये ते जतन केलं की घटस्फोट होत असणार. करून बघा.

---

खडूफळा

झाला. घटस्फोट झाला. तिघे तीन दिशांना.

आता ऐका. माझा इश्यू (बगची नोंदवलेली तक्रार) अठरा दिवस पडून होता. त्यावर 'कमी महत्त्वाचा' अशी चिठ्ठी होती. काल रात्री मी त्यातच एक ओळ वाढवली, 'कुटुंबाचा इमोजी जतन करताना फुटतो', आणि सोबत चित्र लावलं. चाळीस मिनिटांत मेंटेनरचं उत्तर, 'अरे बापरे, हे तर गंभीर आहे.' चिठ्ठी बदलली, 'तातडीचा' झाला.

राग आला का? थोडा आला. पण त्याच्या जागी बसून पाहिलं तर मी इश्यूत काय लिहिलं होतं? दोन शब्द शेजारी शेजारी ठेवून 'हा चूक, हा बरोबर'. ज्याला देवनागरी येत नाही त्याला ते दोन सारखेच किडेमुंगे. त्याला फरक दिसेल असं मी काही दिलंच नव्हतं. आता कोडपॉइंटची यादी, आधी आणि नंतर, आणि आपोआप चालणारी चाचणी दिली आहे. चाचणीच्या फाइलीत तुमचे सगळे शब्द आहेत. प्रकल्पाच्या रेपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) आता 'गोऱ्ह्या' आहे, रुक्मिणी.

---

वारणाकाठ

डबल क्लिकचं कोणी बोलत नाहीये म्हणून लिहितो. एडिटर शब्द ओळखताना 'अक्षर किंवा अंक' एवढंच बघत असणार. युनिकोडच्या लेखी काना, वेलांटी ही 'अक्षरं' नाहीत, 'चिन्हं' आहेत. म्हणून म आणि र झाले की काना आला आणि शब्द संपला.

हा रोग या एका एडिटरचा नाही. पायथन भाषेच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (शोधायच्या नमुन्यात) बॅकस्लॅश डब्ल्यू, म्हणजे 'शब्दातलं अक्षर', देऊन 'मराठी' शोधा, 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे हातात येतील. कॉलेजात असताना शब्द मोजायची स्क्रिप्ट लिहिली होती, तिने मराठीतला सगळ्यात लांब शब्द म्हणून 'कमलनयन' सारखं काहीतरी काढून दिलं. बिनकान्यामात्र्याचं जे असेल तेच लांब!

उपाय: शब्दात चालणाऱ्या वर्णांत चिन्हांचा संपूर्ण वर्ग धरा, आणि ते दोन अदृश्य जोडकही. जोडक विसरलात तर 'आचाऱ्यांना' डबल क्लिकवर मधूनच तुटेल.

---

खडूफळा

विसरलो होतो. तुटत होता. आता नाही. आभार.

---

पेनस्टँड

बॅकस्पेसचं काय ठरलं?

---

अनुस्वार

माझी सूचना: बाण अक्षरावरून अक्षरावर उडी मारेल. पुढचं खाणारी डिलीट कळ अख्खं अक्षर खाईल. बॅकस्पेस एकच कोडपॉइंट. ईमॅक्स या एडिटरमध्ये सध्या असंच चालतं आणि मला सवय होऊन कित्येक दिवस झाले, खटकत नाही. डिलीटने एकच कोडपॉइंट काढला तर अक्षराचं पहिलं व्यंजन जातं आणि मागे लोंबकळणारी वेलांटी उरते, गोल ठिपक्यावर बसलेली. ती कोणालाच नको असते.

---

पेनस्टँड

हे पटलं. फक्त एक. तुमचा बाण अक्षराच्या मधे थांबतच नसेल, तर तीन दिवसांपूर्वी टंकलेल्या 'स्त्री' मधला त बदलायचा असेल तेव्हा मी काय करायचं? शेवटून खोडत यायचं?

---

अनुस्वार

हो, शेवटून खोडत यायचं. किंवा पूर्ण अक्षर नव्याने. ईमॅक्स २९ मध्ये यासाठी एक पर्याय दिलाय, तो लावला की कर्सर जिथे असेल तिथलं जोडाक्षर तेवढ्यापुरतं सुटं होऊन दिसतं आणि आत शिरता येतं. पण खडूफळांवर तेवढं ओझं आत्ता नको टाकू या.

---

खडूफळा

नको, खरंच नको. अनुस्वारची सूचना तशीच्या तशी पाठवली, पेनस्टँड ताईंचं 'शेवटची कळ मागे घे' हे वाक्य इंग्रजीत करून कारण म्हणून जोडलं. मेंटेनरला तेच सगळ्यात आवडलं.

एक अडचण मात्र आली. एका माणसाने भली मोठी लॉग फाइल उघडली, एकाच ओळीत काही लाख अक्षरं, आणि बाण दाबला की एडिटर डुलकी घ्यायला लागला. मी प्रत्येक वेळी ओळीच्या सुरुवातीपासून गुच्छ मोजत होतो. शुद्ध आळस. आता कर्सरच्या आसपासचा तुकडाच बघतो, आणि शेजारी निव्वळ इंग्रजी अक्षरं असतील तर मोजतच नाही.

---

जुनाजाणता

चांगलं चाललंय. फक्त साफसफाईची ती सोय मूळ स्थितीत बंद करून घ्या. नियम कितीही हुशार केलात तरी मी न सांगता माझ्या फाइलीत हात घालणारा एडिटर मला नको. दाखव, रंगव, विचार. पुसू नकोस.

---

खडूफळा

अद्ययावत: दोन्ही पॅच आज मर्ज झाले, म्हणजे मूळ कोडात गेले. साफसफाई मूळ स्थितीत बंद. चालू केली तरी हलन्तानंतरचे जोडक, फारसीतले आणि इमोजीमधले राहतात, बाकीचे आधी रंगवून दाखवले जातात. डबल क्लिकवर 'मराठी' पूर्ण येतं. पुढच्या आवृत्तीत मिळेल, ज्यांना घाई आहे त्यांनी स्वतः कम्पाइल करा (कोडवरून प्रोग्रॅम तयार करा).

हिशेबाची नवी प्रतही लावली. तळमजल्यावरच्या काकांनी ती चष्मा लावून पूर्ण वाचली आणि मंडपवाल्याच्या रकमेत बेरजेची चूक काढली. तो बग माझाच.

---

वारणाकाठ

अभिनंदन! आत्ताच कम्पाइल करून पाहिलं. डबल क्लिक झकास.

पण शोध घेताना अजून घोळ आहे. माझ्या जुन्या फाइलींत 'अॅड.' आहे, अ वर चंद्र देऊन केलेला. नव्या कीबोर्डवरून 'ॲड.' शोधलं तर शून्य सापडतात. 'आचाऱ्या' चंही तसंच, दोन प्रकारांपैकी एकच सापडतो.

---

अनुस्वार

ॲ हा स्वतंत्र कोडपॉइंट (०९७२) युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या फाइलींत अ + चंद्र असणारच. आणि युनिकोड या दोघांना समान मानत नाही, त्यामुळे नेहमीचं नॉर्मलायझेशन (समान मानलेली रूपं एकसारखी करणं) इथे कामाचं नाही. ऱ आणि 'र + नुक्ता (खालचं टिंब)' ही जोडी तेवढी त्यात बसते. बाकीच्यांसाठी तुलना करताना वापरायचा छोटा तक्ता लागेल. फाइलीला हात न लावता, फक्त शोधापुरता.

---

खडूफळा

वारणाकाठ, नवा इश्यू तुम्हीच उघडा, तुमच्याकडे जुन्या फाइली आहेत. दोन्ही रूपांचे कोडपॉइंट लिहा, एक लहान फाइल जोडा. आणि शीर्षकात 'मराठी' लिहू नका, 'शोधात सारखे दिसणारे शब्द निसटतात' असं काहीतरी लिहा. इमोजीचं एखादं उदाहरण सापडतंय का तेही बघा.